कमी भरलेला किलोमीटर

सोमवार, ३ जून

आज जेवताना यांनी जाहीर केलं की डिसेंबरात ते एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत पळणार. मीठ मागावं तशा आवाजात. मी मीठ पुढे सरकवलं आणि विचारलं, "कुणाच्या मागे?"

गेल्या ऑक्टोबरात एका गिऱ्हाइकाचा कोट कापता कापता छातीत कळ आली आणि हा माणूस कापायच्या टेबलाखाली गेला. हृदयात दोन ठिकाणी जाळ्या बसवल्या. तेव्हापासून शिलाईचं दुकान बंद, कात्री खिळ्याला आणि मालक खिडकीत. आठ महिने खिडकीत बसून सुचलं काय, तर पळणं.

ही अक्कल कुणाची, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. पंचवीस वर्षं मी वजनमापं तपासते. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून त्याचा तराजू कुठे कलतो ते सांगते. यामागे दातवाला आहे. समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर, यांचं जुनं गिऱ्हाईक. सकाळी पळणाऱ्यांची टोळी जमवलीय त्याने. गळ्यात शिट्टी आणि बत्तिशी कायम बाहेर, म्हणजे धंद्याची जाहिरातही फुकटात होते.

गुरुवार, ६ जून

हृदयवाल्या डॉक्टरांकडे यांना मीच घेऊन गेले. ते नाही म्हणतील आणि विषय संपेल, असा माझा हिशोब होता. ते हो म्हणाले. वर यांच्या पाठीवर थाप मारली.

अटी मात्र घातल्या. वेग वाढवायचा नाही. बरोबर घरचं कुणीतरी हवं. आणि नोव्हेंबर संपायच्या आत सरावात एकदा वीस किलोमीटर पुरे झालेले हवेत, त्याचं लेखी आणायचं, तरच ते शर्यतीच्या कागदावर सही करणार.

"अंतर मोजलेलं हवं. अंदाजाने सांगू नका," डॉक्टर म्हणाले.

"त्याची काळजी सोडा. आमच्या घरात अख्खं खातंच आहे," हे म्हणाले.

दोघं हसले. मग बरोबर कोण असणार म्हणून दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ बघितलं, पण त्याने काही टळलं नाही.

मी पळणार नाही. मी यांच्यावर लक्ष ठेवणार आहे. त्यासाठी पळावं लागलं, तर तो वेगळा मुद्दा.

रविवार, ९ जून

टोळीत सतरा माणसं. सगळ्यांचे बूट इतके भडक की अंधारात दिवे लावायची गरज नाही. पळण्याआधी पाऊण तास अंग ताणतात आणि पळून झाल्यावर पाऊण तास फोटो काढतात. मधे वेळ मिळाला तर पळतात.

मी दिव्याचे चार खांब पळाले आणि पाचव्याला धरून उभी राहिले. वय एकोणपन्नास, वजन लिहीत नाही. हे माझ्या शेजारी येऊन थांबले. "दमलात?" मी विचारलं. "थोडासा," म्हणाले. श्वास मात्र माझाच भात्यासारखा चालला होता.

शेवटी सगळ्यांनी फोन काढले. एकच रस्ता, एकच माणसं, आणि एकाचा फोन सांगतो तीन किलोमीटर, दुसऱ्याचा तीनशे कमी, तिसऱ्याचा दोनशे जास्त. आणि प्रत्येकाला आपलाच आकडा खरा वाटतो. असल्या अंतरावर डॉक्टरांना सही मागायची? माझ्या हयातीत नाही.

बुधवार, १२ जून

दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या भांडारातून तीस मीटरची पोलादी फीत काढली. भांडारपाल नेहमीप्रमाणे रजेवर. किल्ली माझ्याकडे असते. आतला दिवा गेलेला, कपाटात चाचपून काढावी लागली. फितीच्या कडीला चिठ्ठीचा दोरा लोंबत होता, चिठ्ठी गायब. खात्याच्या वस्तूंची ही तऱ्हा. हा माणूस कामावर आला की त्याला चांगला सोलून काढणार आहे.

शनिवार, १५ जून

रस्ता मोजला. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांना वळसा घालणारा रस्ता निवडला, कारण तिथे वाहनं नाहीत आणि बघ्यांची गर्दी नाही. यांनी शून्याचं टोक धरलं, मी पुढे. तीस मीटर झाले की खडूची रेघ, आणि दर पाचशे मीटरवर कुंपणाच्या भिंतीवर तांबड्या रंगाची खूण. एक वळसा बरोबर दोन किलोमीटर.

सुरुवातीलाच यांनी फीत बोटांतून सरकवली. शिंप्याची खोड, जाणार कुठे. मग तिच्यावर वीत ठेवली, पुन्हा ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं.

"ही फीत तू स्वतः आणलीस?"

"मग काय दातवाल्याने आणली?"

"नाही, म्हणजे, तूच निवडलीस?"

"मीच निवडली. धरा नीट, सैल पडतेय."

हे जे हसायला लागले ते दोन किलोमीटर हसतच होते. मधेच रुमालाने डोळेही पुसले. आठ महिन्यांत यांना असं हसताना बघितलं नव्हतं. फीत धरण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं, हे मला कळलेलं नाही.

रविवार, ७ जुलै

पाच किलोमीटर. मधे दोनदा चालावं लागलं. मला. हे माझ्यासाठी थांबल्याचा आव आणतात. मी तो चालवून घेते, तेवढीच त्यांच्या छातीला विश्रांती.

दातवाला बत्तिशी काढत जवळ आला. "मॅडम, रागावू नका, पण तुमचा किलोमीटर जरा कमी भरतोय. आमच्या सगळ्यांच्या फोनवर साडेनऊशेच्या आसपास दाखवतोय."

"तुमच्या फोनवर शिक्का कुणाचा आहे?"

"शिक्का?"

"तपासणीचा शिक्का. नसेल तर ते मोजमाप नाही, खेळणं आहे. मी तुमच्या दाढा मोजायला येते का?"

तो शिट्टी पुसायला लागला. टोळीत कुणी हसलंसुद्धा नाही. हे मात्र बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर मी दिवाणावर पाय पसरून पडले आणि हे म्हणाले, "जरा दूध घेऊन येतो." दूध होतं घरात. दूधवाला जिन्याखाली. तीन मिनिटं लागली.

रविवार, १८ ऑगस्ट

दहा. पायाच्या बोटाचं एक नख काळंनिळं झालंय. जिना उतरताना उलटी उतरते, शेजारीण दार उघडून बघत होती. तिला म्हटलं, जिना तपासतेय.

पळून आल्यावर पुन्हा दूध. पाच मिनिटं. दूधवाल्याशी गप्पा छाटत असणार. येताना घाम पुसत आले. गप्पांनी घाम येतो हे नवीनच. फ्रिजमध्ये आता चार बाटल्या आहेत आणि पिणारे आम्ही दोघं.

रविवार, १५ सप्टेंबर

आज तिसऱ्या खुणेपाशी हे थांबले आणि हात छातीशी गेला. मी धावले, म्हणजे खरंच धावले, त्यांच्या दंडाला धरलं आणि ओरडले. ते खिशातून रुमाल काढत होते.

मग मी त्यांना इतकं झापलं की मागून येणारी टोळी जागच्या जागी थांबली. रुमाल डाव्या खिशात कशाला? उजवा खिसा गहाण टाकलाय का? हे शांतपणे म्हणाले, "बरं, उजव्यात ठेवतो." आणि तिथल्या तिथे ठेवला.

काळजी वगैरे काही नाही. पहाटे जाग आली की यांचा श्वास मोजते, तीही सवयच आहे. मोजायची नोकरी आहे माझी.

रविवार, २० ऑक्टोबर

चौदा. बरोबर एक वर्ष झालं त्या दिवसाला. दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मी बाराव्या किलोमीटरला टोळीतल्या जांभळ्या बुटांच्या बाईला मागे टाकलं. तिला वाईट वाटलं असेल. मला अजिबात वाटलं नाही.

दूध, सात मिनिटं. विचारलं तर म्हणाले, "रांग होती." रविवारी सकाळी साडेसातला दुधाला रांग!

पळणं मला आवडत नाही, हे इथे पुन्हा लिहून ठेवते.

रविवार, २४ नोव्हेंबर

वीस. दहा वळसे. शेवटच्या वळशाला मला माझे गुडघे दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. हे शेवटपर्यंत माझ्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे. इतक्या सावकाश पळायलाही कौशल्य लागत असेल.

एवढं झाल्यावर हा माणूस म्हणतो, "दूध घेऊन येतो." मी म्हटलं, "आज नको, मेलात तर बाटली कोण उचलणार?" तरी गेले. दहा मिनिटं. खिडकीतून बघायचा विचार होता, पण उठवलं नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

डॉक्टरांसाठी कागद लिहिला. "मोजलेल्या मार्गावर वीस किलोमीटर पूर्ण केल्याचे मी प्रमाणित करते." खाली सही, हुद्दा, तारीख. डॉक्टरांनी वाचून लगेच शर्यतीच्या कागदावर सही ठोकली. "असं चोख काम कुणी करत नाही हो," म्हणाले. यांना अभिमान वाटल्यासारखा दिसला. माझ्या सहीकडे बराच वेळ बघत होते.

गुरुवार, ५ डिसेंबर

भांडारपाल माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. प्लॉट विकणाऱ्या त्या लबाडाची सुनावणी जानेवारीत लागलीय आणि जप्त केलेला पुरावा कपाटात नाही.

"कुठला पुरावा?"

"तीस मीटरची फीत, मॅडम. तुम्हीच पकडलेली. आकडे दाटीने छापलेली. तिसाला साडेअठ्ठावीस भरणारी."

मी त्याला चिठ्ठ्यांवरून, कपाटावरून, रजांवरून ताडताड बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. बोलता बोलता माझा हात माझ्याच पिशवीकडे गेला आणि मी थांबले. फीत पिशवीत होती. जूनपासून.

सगळे गेल्यावर प्रमाण फितीला लावून बघितली. तिसाला दीड मीटर कमी. किलोमीटरला पन्नास. विसाला एक हजार. म्हणजे एकोणीस.

दातवाल्याचा फोन खरा होता. पंचवीस वर्षं मी लोकांची तोंडं बंद केली आणि स्वतः अंधारात चाचपून चोराचीच फीत उचलली. लाज वाटतेय. त्याहून भीती वाटतेय, हे लिहिते, कारण कुठेतरी लिहायला हवं. यांचं हृदय माझ्या सहीवर पळणार आहे आणि ती सही खोटी आहे. दहा दिवस उरलेत.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी सांगून टाकलं. "शर्यत रद्द."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

"पस्तीस वेळा तू म्हणालीस म्हणून गप्प बसलो असेन. आज कारण सांग."

मी फीत टेबलावर आपटली. "वीस झालेलेच नाहीत तुमचे. एकोणीस झालेत. ही खोटी आहे. डॉक्टर वीस म्हणाले होते."

यांनी फीत उचलली आणि नीट गुंडाळायला घेतली. "खोटी आहे ते माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरतोय मी. सेंटिमीटर एवढुसा असतो का?"

"मग तोंडात काय गुळणी धरली होती?"

फितीचा वेढा घट्ट केला. मग म्हणाले, "काय बोलणार? माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानातला तराजू तू उचलून नेला होतास. आजवर कुणाला ग्रॅम सोडला नाहीस. आणि माझ्यासाठी हातात खोटी फीत घेऊन आलीस. मला झेपावं म्हणून. मी दोनदा विचारलं, तूच निवडलीस ना? तू म्हणालीस, मीच निवडली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण जगावं बुवा अजून."

मी टेबलावरची मिठाची बरणी उगाच सरळ केली.

"पण कागदावर तुझी सही जाणार होती," हे पुढे म्हणाले. "ती खोटी पडायला नको. म्हणून कमी पडायचं तेवढं मी मागून भरायचो. माझे वीस पुरे झालेत."

"मागून म्हणजे कधी?"

"दूध आणायला जायचो ना."

ही वही काढून बघितली. पाचाला तीन मिनिटं. दहाला पाच. चौदाला सात. विसाला दहा. सगळं माझ्याच अक्षरात, आणि शेजारी माझीच शेरेबाजी. एवढी आकडेमोड शाळेतल्या पोराला जमली असती.

सांगायला हवं होतं की मी निवडलीच नव्हती. दिवा गेला होता, चिठ्ठी गळली होती, हाताला लागली ती उचलली. तोंड उघडलंही. हे फितीचं कडं बोटाने पुसत होते. "चहा टाकते," मी म्हटलं.

चहा उकळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांचे वीस पुरे आहेत. एकोणीस माझेच झालेत.

सोमवार, १६ डिसेंबर

काल शर्यत झाली. हात दुखत नाही म्हणून लिहू शकतेय. बाकी सगळं दुखतंय.

एकवीस किलोमीटर, वर सत्त्याण्णव मीटर, वर पन्नास सेंटिमीटर. आयोजकांच्या सगळ्या कारभारात तेवढीच एक गोष्ट चोख. बाकी भोंगे, फुगे आणि कठड्याला उभं राहून टाळ्या पिटणारी रिकामटेकडी माणसं. "काकू, जवळच आहे!" एक मुलगी ओरडली. मी विचारलं, "जवळ म्हणजे किती मीटर?"

एकोणीसपर्यंत पाय माझं ऐकत होते. एकोणिसाची पाटी गेली आणि पायांनी संप केला. अंगाला बरोबर ठाऊक होतं आपण कुठपर्यंत आलो होतो. ओढत ओढत विसाची पाटी गाठली आणि फुटपाथच्या कडेला बसले. यांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. तुमचं झालंय सगळं." आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्याने. जांभळे बूट समोरून गेले, तेव्हासुद्धा थांबवता आलं नाही.

दातवाला मागून आला, थांबला, शिट्टी तोंडात धरली. हे त्याला म्हणाले, "वाजवू नकोस. जा तू." तो गेला.

मग यांनी माझ्यापुढे हात केला. घाम होता, पण श्वास साधा. मी ऐकला नीट, सवयीने. आणि म्हणाले, "चल, दूध घेऊन येऊ."

उठले. त्या किलोमीटरला आम्हाला एकोणीस मिनिटं लागली. एवढ्यात बादलीभर दूध आलं असतं, असं मी म्हटलं तर हे रस्त्याच्या मधोमध हसत सुटले. तीन तास सव्वीस मिनिटं. गळ्यात पदक घातलं. त्याच्यावर वजन छापलेलं नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

साहेबांना लेखी खुलासा दिला. जप्तीतली फीत मी न तपासता नेली, पाच महिने तेवीस दिवस वापरली, भांडारपालाचा यात दोष नाही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू तराजूच माणसासारखा बोलला. शेरा काय मारतील तो मारोत. भांडारपालाला म्हटलं, तुमच्यावर उगाच ओरडले. तो बिचारा आधीपेक्षा जास्त घाबरला.

शिक्क्याची फीत घेऊन टाक्यांचा रस्ता पुन्हा मोजला, पांढऱ्या रंगात. दातवाल्याला एवढंच सांगितलं की खुणा नव्याने आखल्यात. त्याने कारण विचारलं नाही. फक्त बत्तीसच्या बत्तीस दाखवले.

ऑफिसात खरं लिहून दिलं. घरी अजून नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत तीन वेळा चहा झाला.

रविवार, २२ डिसेंबर

यांनी दुकान उघडलं. चौदा महिन्यांची धूळ. मी झाडायला म्हणून गेले आणि तक्रार करायला म्हणून थांबले. कात्री खिळ्यावरून काढून यांनी हवेत दोनदा चालवून बघितली. हात स्थिर होता. मी बघत नव्हते असं दाखवलं.

"पहिलं काम तुझं. पळायची पँट," म्हणाले. "ती दुकानातली तुला गुडघ्यात धरते."

"पुन्हा पळणार कोण आहे?"

"उभी राहा सरळ."

लग्नानंतरच्या दिवसांत असंच होतं. हे माप घेऊन आकडा सांगायचे, मी वहीत लिहायची. आज वही मीच हातात घेतली. यांनी गळ्यातली टेप काढली आणि गुडघे टेकून बसले. उंची सांगितली, लिहिली. मांडी, लिहिली. मग टेप कमरेभोवती आली. यांनी आकडा बघितला, नंतर वर माझ्याकडे बघितलं.

"छत्तीस," म्हणाले.

चाळीस आहे. फीत न बघता सांगते मी.

वहीत छत्तीस लिहिलं.